डिझेल मेकॅनिकची शिकाऊ उमेदवारी : अहिल्यानगर जिल्ह्यातील वाट

संकल्पना

शिकाऊ उमेदवारी म्हणजे एखाद्या आस्थापनेत प्रत्यक्ष काम करत, ठरावीक मुदतीत आणि लेखी करारानुसार घेतलेले व्यवसाय प्रशिक्षण. तिच्यात तीन पक्ष असतात : शिकणारा उमेदवार, शिकवणारी आस्थापना आणि कराराची नोंद ठेवून अखेरीस परीक्षा घेणारी शासकीय यंत्रणा. गॅरेजवर मिस्त्रीच्या हाताखाली राहून काम शिकण्याची पद्धत जुनी आहे. पण तिथे काय शिकवायचे, किती काळात शिकवायचे आणि शिकल्याचा पुरावा कोणता, हे कुठेच लिहिलेले नसते. शिकाऊ उमेदवारीत या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आधीच ठरलेली असतात. नोकरीपासूनही ती वेगळी आहे. नोकरीत श्रमाचा मोबदला म्हणून वेतन मिळते, उमेदवारीत शिक्षणकाळातील निर्वाहासाठी विद्यावेतन मिळते. अर्जाच्या बहुतेक पायऱ्यांचा उलगडा या त्रिपक्षीय रचनेतून होतो. पोर्टलवरील नोंदणी शासनासाठी असते, आस्थापनेकडील अर्ज निवडीसाठी असतो आणि करार तिन्ही पक्षांना एकत्र बांधतो.

कायद्याची चौकट

या व्यवस्थेचा पाया म्हणजे शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१. तो १ मार्च १९६२ पासून अमलात आला. पुढे त्यात अनेक दुरुस्त्या झाल्या. त्यांपैकी २०१४ ची कायदादुरुस्ती आणि २०१९ चे सुधारित नियम आजच्या अर्जदाराच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. २०१९ च्या नियमांनुसार ३० किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. ४ ते २९ मनुष्यबळ असल्यास ते ऐच्छिक आहे. उमेदवारांची संख्या एकूण मनुष्यबळाच्या किमान २.५ टक्के आणि कमाल १५ टक्के असावी लागते. त्यामुळे मोठ्या आस्थापनांच्या जाहिराती वर्षानुवर्षे निघत राहतात, कारण जागा भरणे हे त्यांचे वैधानिक कर्तव्य असते. चारपेक्षा कमी माणसांचे गॅरेज मात्र या चौकटीबाहेर राहते. नगर–मनमाड किंवा नगर–पुणे रस्त्यालगतच्या अनेक छोट्या गॅरेजांत काम उत्तम शिकता येते. पण त्या शिक्षणाचे राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळत नाही.

व्यवसायाचे स्वरूप

डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लग नसतो. सिलिंडरमधील हवा तिच्या मूळ आकारमानाच्या साधारण पंधराव्या ते विसाव्या हिश्शापर्यंत दाबली जाते. तिचे तापमान ५०० अंश सेल्सियसच्या वर जाते आणि त्या तप्त हवेत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९२ मध्ये या तत्त्वासाठी पेटंटचा अर्ज केला आणि १८९७ मध्ये चालू इंजिन दाखवले. कारागिराचे काम याच तत्त्वातून ठरते. हवा पुरेशी दाबली जावी म्हणून पिस्टन, रिंग, लायनर आणि व्हॉल्व्ह यांची बैठक अचूक हवी. डिझेल योग्य क्षणी आणि योग्य प्रमाणात फवारले जावे म्हणून पंप व नोझल बिनचूक हवेत. त्यामुळे इंजिन खोलणे व जोडणे हा कामाचा अर्धाच भाग ठरतो. मायक्रोमीटर, बोअर गेज, फीलर गेज आणि टॉर्क पाना यांनी मोजमाप घेऊन कोणता भाग राहू द्यायचा व कोणता बदलायचा हे ठरवणे, हा उरलेला अर्धा भाग.

आयटीआयशी नाते

महाराष्ट्राच्या शासकीय कागदपत्रांत या व्यवसायाचे नाव ‘यांत्रिक डिझेल’ असे आढळते. जाहिरातींत बहुधा ‘डिझेल मेकॅनिक’ किंवा ‘मेकॅनिक डिझेल’ असे छापतात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील (आयटीआय) हा अभ्यासक्रम एक वर्षाचा असून प्रवेशासाठी दहावी उत्तीर्ण असावे लागते. ‘यांत्रिक मोटारगाडी’ हा जवळचा पण स्वतंत्र व्यवसाय आहे. तो दोन वर्षांचा असून त्यात इंजिनाबरोबर गिअरबॉक्स, ब्रेक, स्टिअरिंग असे वाहनाचे सर्व भाग येतात. आयटीआय उत्तीर्ण झाल्यावर राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते आणि ते संस्थेतील शिक्षणाचा दाखला असते. शिकाऊ उमेदवारीनंतर मिळणारे राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र प्रत्यक्ष आस्थापनेतील शिक्षणाचा दाखला असते. दोन्ही प्रमाणपत्रे परस्परपूरक आहेत. ज्याने त्याच व्यवसायात आयटीआय केले आहे त्याला उमेदवारीतील मूलभूत प्रशिक्षणातून सूट मिळते आणि तो थेट कार्यशाळेत रुजू होतो. आयटीआय न केलेल्या नवागताला आधी हे मूलभूत प्रशिक्षण पूर्ण करावे लागते, म्हणून त्याची एकूण मुदत वाढते.

जिल्ह्यातील मुख्य आस्थापना : एसटी

अहिल्यानगर जिल्ह्यात डिझेल इंजिनांचा सर्वांत मोठा संघटित ताफा बाळगणाऱ्या संस्थांत राज्य परिवहन महामंडळाचा समावेश होतो. एसटीची पहिली बस १ जून १९४८ रोजी अहमदनगरहून (आजचे अहिल्यानगर) पुण्याला धावली, म्हणजे महामंडळाच्या इतिहासाची सुरुवातच या शहरातून झाली. आज जिल्ह्याचा स्वतंत्र विभाग आहे. तारकपूर, शेवगाव, जामखेड, श्रीरामपूर, कोपरगाव, पारनेर, संगमनेर, श्रीगोंदा, नेवासा, पाथर्डी आणि अकोले येथे त्याची आगारे आहेत. प्रत्येक आगाराला देखभालीची शाखा असते. एसटीचे विभाग शिकाऊ उमेदवारांची भरती आपापल्या जाहिरातीने करतात. तीत मोटार मेकॅनिक, डिझेल मेकॅनिक, शीट मेटल कारागीर, ऑटो इलेक्ट्रिशियन, वेल्डर, पेंटर अशा व्यवसायांच्या जागा असतात. कोणत्या व्यवसायाच्या किती जागा, हे दर वर्षी बदलते. त्यामुळे ‘एसटीत भरती निघाली’ एवढ्या ऐकीव माहितीवर अर्ज न करता जाहिरातीतील व्यवसायनिहाय तक्ता पाहणे आवश्यक ठरते.

इतर आस्थापना

दुसरे क्षेत्र संरक्षणाचे आहे. शहराजवळील वाहननगर येथे संरक्षण संशोधन व विकास संघटनेची वाहन संशोधन व विकास आस्थापना आहे. लष्करी वाहनांच्या विकासाबरोबरच केंद्रीय मोटार वाहन नियमांखाली वाहनांची चाचणी करणाऱ्या अधिकृत संस्थांपैकी ती एक आहे. तिथे पदवीधर, पदविकाधारक आणि आयटीआय उत्तीर्ण अशा तिन्ही गटांतील शिकाऊ उमेदवार घेतले जातात. तिसरे क्षेत्र रेल्वेचे. मध्य रेल्वेची भरती मुंबई, भुसावळ, पुणे, नागपूर आणि सोलापूर अशा गटांत होते. जिल्ह्यातील उमेदवाराला पुणे व सोलापूर हे गट अंतराने सोयीचे पडतात. चौथे क्षेत्र साखरेचे. लोणीजवळच्या प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला गेला आणि पुढे संगमनेर, कोपरगाव, सोनई, भेंडे अशा अनेक ठिकाणी कारखाने उभे राहिले. ऊसवाहतुकीचे ट्रक व ट्रॅक्टर, ऊसतोडणी यंत्रे आणि जनित्रे यांमुळे या कारखान्यांभोवती डिझेल इंजिनांची मोठी वर्दळ असते. याशिवाय ट्रॅक्टर व व्यापारी वाहनांच्या विक्रेत्यांची सेवाकेंद्रे आणि मातीकाम यंत्रांची दुरुस्ती करणाऱ्या आस्थापना आहेत. मनुष्यबळाच्या निकषात बसल्यास त्याही उमेदवार घेऊ शकतात.

पात्रता

पात्रतेचे दोन थर असतात. पहिला थर कायद्याचा. उमेदवाराचे वय किमान १४ वर्षे आणि धोकादायक उद्योगांत किमान १८ वर्षे असावे, तसेच त्या व्यवसायासाठी ठरवलेली शैक्षणिक व शारीरिक पात्रता त्याच्याकडे असावी. कमाल वयाची मर्यादा कायदा घालत नाही. दुसरा थर आस्थापनेचा. रेल्वेच्या जाहिरातींत वय १५ ते २४ वर्षे आणि दहावीला किमान ५० टक्के गुण अशी अट असते, राखीव प्रवर्गांना वयात सवलत मिळते. एसटीच्या विभागांची कमाल वयोमर्यादा सामान्यतः याहून बरीच वर असते. म्हणजे एका ठिकाणी वय उलटलेला उमेदवार दुसरीकडे पात्र ठरू शकतो. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व इतर मागासवर्ग यांच्यासाठी राखीव जागांची तरतूद कायद्यातच आहे. पूर्वी त्याच व्यवसायात शिकाऊ उमेदवारी केलेली असल्यास पुन्हा तीच संधी मिळत नाही. या व्यवसायाची दारे मुलींसाठीही तितकीच खुली आहेत. अडचण नियमांची नसून आजवरच्या सवयीची आहे.

पोर्टलवरील नोंदणी

अर्जाची पहिली पायरी म्हणजे केंद्र शासनाच्या ‘अप्रेंटिसशिप इंडिया’ पोर्टलवर उमेदवार म्हणून नोंदणी. त्यासाठी आधार क्रमांक, चालू भ्रमणध्वनी, ई-मेल पत्ता, शैक्षणिक माहिती आणि बँक खाते लागते. नोंदणी विनामूल्य आहे. ती पूर्ण झाल्यावर उमेदवाराला स्वतंत्र नोंदणी क्रमांक मिळतो आणि पुढील सर्व व्यवहार त्या क्रमांकाने ओळखले जातात. इथे दोन बाबी निर्णायक ठरतात. पहिली बाब नावाची : आधार कार्ड, दहावीची गुणपत्रिका आणि आयटीआयचे प्रमाणपत्र यांवरील नाव व जन्मतारीख जुळली पाहिजे. आडनाव आधी की नंतर, वडिलांचे नाव पूर्ण की आद्याक्षराने, एवढ्या फरकानेही पुढे करार अडू शकतो. दुसरी बाब बँक खात्याची : ते आधारशी जोडलेले असावे, कारण शासनाचा विद्यावेतनातील वाटा थेट त्यात जमा होतो. जिल्ह्याचे अहिल्यानगर हे नाव २०२४ मध्ये अधिकृत झाले. त्याआधीच्या दाखल्यांवर अहमदनगर असणे स्वाभाविक आहे. जुळणी व्हावी लागते ती व्यक्तीच्या ओळखीची.

आस्थापनेकडील अर्ज

पोर्टलवर नाव नोंदवले म्हणजे अर्ज झाला, असा समज व्यापक आहे. प्रत्यक्षात नोंदणी ही केवळ ओळख असते. जागेसाठीचा अर्ज त्यानंतर करायचा असतो. त्याच्या दोन पद्धती आहेत. काही आस्थापना पोर्टलवरच संधी जाहीर करतात आणि तिथूनच अर्ज स्वीकारतात. काही आस्थापना पोर्टलवरील नोंदणीबरोबर आपला स्वतंत्र अर्जही मागतात. एसटीच्या विभागांत अनेकदा ही दुसरी पद्धत असते : आधी पोर्टलवर त्या विभागाच्या आस्थापना क्रमांकावर अर्ज करायचा आणि मग विभागीय कार्यालयाचा छापील अर्ज भरून शुल्कासह मुदतीत सादर करायचा. यांपैकी एक पायरी राहिली तर अर्ज अपूर्ण ठरतो. रेल्वेची भरती तिच्या भरती कक्षाच्या संकेतस्थळावरून होते आणि एका उमेदवाराला एकच गट निवडता येतो. जाहिरातीत दिलेली शेवटची तारीख अर्ज कार्यालयात पोहोचण्याची आहे की टपालात टाकण्याची, हेही तपासावे लागते. शासकीय आस्थापनेच्या शुल्काची पावती मिळते. मध्यस्थाला दिलेल्या पैशाची मिळत नाही.

कागदपत्रे

अर्जासोबत साधारणतः दहावीची गुणपत्रिका व प्रमाणपत्र, आयटीआयची सर्व गुणपत्रके व राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड, पोर्टलवरील नोंदणीची छापील प्रत, छायाचित्रे आणि बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत लागते. राखीव प्रवर्गासाठी जातीचा दाखला आणि लागू असल्यास नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र जोडावे लागते. प्रत्येक कागदाचे काम वेगळे आहे. शाळा सोडल्याचा दाखला वय सिद्ध करतो, गुणपत्रके निवड यादीतील स्थान ठरवतात, व्यवसाय प्रमाणपत्र मूलभूत प्रशिक्षणातून सूट देते आणि पासबुक विद्यावेतनाचा मार्ग उघडते. निवडीनंतर वैद्यकीय योग्यतेचे प्रमाणपत्र मागितले जाते. जड भाग उचलणे, खड्ड्यात उतरून गाडीखाली काम करणे आणि बारीक अंतरे डोळ्यांनी पारखणे हे या व्यवसायाचे नित्य भाग असल्याने दृष्टी व सर्वसाधारण प्रकृती यांची तपासणी निव्वळ औपचारिक नसते.

निवड

निवडीची सर्वांत प्रचलित रीत गुणवत्ता यादीची आहे. रेल्वे दहावीचे गुण आणि आयटीआयचे गुण यांची सरासरी काढून यादी लावते. लेखी परीक्षा किंवा मुलाखत होत नाही. इतर आस्थापना आयटीआयच्या गुणांना प्राधान्य देतात किंवा गरजेनुसार लेखी चाचणी वा मुलाखत घेतात. यावरून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. शिकाऊ उमेदवारीची स्पर्धा अर्जाच्या दिवशी सुरू होत नाही, ती आयटीआयच्या परीक्षेतच बरीचशी ठरून गेलेली असते. जिथे चाचणी होते तिथे प्रश्न अभ्यासक्रमातलेच असतात : फोर-स्ट्रोक इंजिनाचे कार्य, फायरिंग क्रम, टॅपेट अंतर, थंड ठेवण्याची व वंगणाची व्यवस्था, इंधन पंप व नोझल, मोजमापाची साधने आणि सुरक्षिततेचे नियम. निवड यादीनंतर मूळ कागदपत्रांची पडताळणी होते. त्या वेळी उघड झालेली विसंगती निवड रद्द करू शकते, म्हणून अर्जातील टक्केवारी गुणपत्रिकेशी तंतोतंत जुळणे आवश्यक असते.

करार

निवड झालेला उमेदवार आणि आस्थापना यांच्यात शिकाऊ उमेदवारीचा करार होतो. उमेदवार अल्पवयीन असल्यास त्याच्या वतीने पालक सही करतात. करार पोर्टलवर तयार होतो आणि शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे नोंदणीसाठी जातो. राज्याच्या अखत्यारीतील व खासगी आस्थापनांसाठी ही यंत्रणा व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाची आहे; केंद्रीय आस्थापनांसाठी केंद्र शासनाची क्षेत्रीय यंत्रणा आहे. म्हणून एसटीतील उमेदवाराच्या तक्रारीचे कार्यालय वेगळे आणि रेल्वेतील उमेदवाराचे वेगळे असते. करारात व्यवसाय, मुदत, विद्यावेतन आणि दोन्ही बाजूंची कर्तव्ये नमूद असतात. आस्थापनेच्या दोषामुळे करार मोडला तर तिला भरपाई द्यावी लागते. उमेदवाराने अकारण मोडला तर प्रशिक्षणाचा खर्च त्याच्याकडून मागता येतो. नोंदणीकृत करार नसेल तर केलेले काम कितीही खरे असले तरी ते कायद्याच्या दृष्टीने शिकाऊ उमेदवारी ठरत नाही आणि अखेरच्या परीक्षेला बसता येत नाही.

विद्यावेतन

२०१९ च्या नियमांनी किमान विद्यावेतन शिक्षणानुसार ठरवले : पाचवी ते नववी उत्तीर्ण ५,००० रुपये, दहावी ६,०००, बारावी ७,०००, राष्ट्रीय किंवा राज्य प्रमाणपत्रधारक ७,०००, पदविकाधारक ८,००० आणि पदवीधर ९,००० रुपये दरमहा. दुसऱ्या वर्षी त्यात १० टक्के आणि तिसऱ्या वर्षी १५ टक्के वाढ धरली जाते. आयटीआयचा काळ उमेदवारीचा आधीचा काळ म्हणून मोजणाऱ्या आस्थापना एक वर्षाच्या अभ्यासक्रमासाठी ७,७०० आणि दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी ८,०५० रुपये देतात. जाहिरातींतील हे वरवर विचित्र वाटणारे आकडे असे तयार होतात. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने या दरांत ३६ टक्के वाढीची शिफारस केली. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत बसणाऱ्या आस्थापनांबाबत विद्यावेतनाचा २५ टक्के, पण कमाल १,५०० रुपये इतका वाटा केंद्र शासन उमेदवाराच्या खात्यात थेट जमा करते. उरलेला भाग आस्थापना देते. अशा वेळी रक्कम दोन हप्त्यांत व वेगवेगळ्या दिवशी येते. एक हप्ता दिसला नाही म्हणजे पैसे कापले असे नव्हे.

कार्यशाळेतील शिक्षण

एसटीच्या रचनेत दुरुस्तीच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. आगारात रोजची तपासणी, ऑइल व फिल्टर बदल आणि किरकोळ बिघाडांची दुरुस्ती होते. मोठी कामे आणि आरटीओ पासिंगपूर्वीची तयारी विभागीय कार्यशाळेत होते. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळा बसबांधणीसारखी राज्यपातळीवरची कामे पाहतात. उमेदवार कोणत्या पायरीवर काम करतो यावर त्याचे शिक्षण अवलंबून असते. आगारात बिघाड चटकन ओळखण्याची सवय लागते, कार्यशाळेत इंजिन पूर्ण खोलून जोडण्याची. गाडीचा काळा धूर, कमी झालेली ओढ किंवा लिटरमागे घटलेले किलोमीटर ही लक्षणे एकाच कारणाची असू शकतात किंवा तीन वेगळ्या कारणांची. तुंबलेला एअर फिल्टर, गळणारे नोझल आणि झिजलेली रिंग यांतील फरक मोजमापानेच कळतो. उमेदवाराने केलेल्या कामाची नोंदवही ठेवायची असते. ती नोंदवही म्हणजे अभ्यासक्रमातील कोणता भाग प्रत्यक्ष हाताळला याचा पुरावा, आणि आस्थापनेने त्याला केवळ झाडलोट व सामानाची ने-आण यांत गुंतवले नाही याचीही खूण.

सुरक्षा आणि हक्क

शिकाऊ उमेदवार कायद्याने कामगार नसून प्रशिक्षणार्थी असतो. त्यामुळे भविष्य निर्वाह निधी आणि कर्मचारी राज्य विमा यांसारख्या योजना त्याला लागू होत नाहीत. मात्र आरोग्य, सुरक्षा आणि कल्याण यांच्या तरतुदी लागू होतात, आणि प्रशिक्षणाच्या ओघात इजा झाल्यास भरपाईची जबाबदारी आस्थापनेवर असते. सल्लागाराच्या मान्यतेशिवाय त्याला जादा तास काम करायला लावता येत नाही. रजा व सुट्या आस्थापनेच्या नियमांनुसार मिळतात. डिझेल विभागात सुरक्षेचा अर्थ काटेकोर आहे. आधुनिक कॉमन रेल इंजिनांत इंधनाचा दाब १,६०० ते २,००० बार आणि त्याहूनही अधिक असतो. अशा नळीची गळती बोट लावून तपासल्यास सूक्ष्म धार त्वचा भेदून आत शिरू शकते. उचललेली गाडी केवळ जॅकवर न ठेवता स्टँडवर टेकवणे, तापलेल्या रेडिएटरचे झाकण न उघडणे आणि बंद शेडमध्ये इंजिन चालू न ठेवणे हे नियम म्हणूनच पहिल्या आठवड्यात शिकवले जातात.

परीक्षा आणि प्रमाणपत्र

मुदत पूर्ण झाल्यावर उमेदवार अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेला बसतो. तिच्यात लेखी व प्रात्यक्षिक असे दोन्ही भाग असतात. उत्तीर्ण झाल्यावर राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळते. परीक्षेला पात्र होण्यासाठी हजेरी आणि प्रशिक्षणाचा कालावधी पूर्ण असणे आवश्यक असते, म्हणून दीर्घ गैरहजेरी झाल्यास मुदत वाढू शकते. मुदत संपली की काम संपले, असे मानून परीक्षा टाळणारे उमेदवारही असतात. त्यांच्याकडे अनुभव राहतो. पण तो अनुभव देशातील कोणत्याही आस्थापनेने मान्य करावा असा कागद राहत नाही. पुढील शिक्षणाच्या दृष्टीनेही या प्रमाणपत्राला मोल आहे. आयटीआयमध्ये निदेशक होण्यासाठी जे शिल्प निदेशक प्रशिक्षण घ्यावे लागते, त्याच्या प्रवेशाला ते ग्राह्य धरले जाते. पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशासाठी मात्र दहावीनंतर दोन वर्षांचे आयटीआय लागते. एक वर्षाचा यांत्रिक डिझेल अभ्यासक्रम निवडताना हा फरक आधीच लक्षात घ्यावा लागतो.

नोकरीशी संबंध

उमेदवारी पूर्ण झाल्यावर नोकरी देण्याचे बंधन कायदा आस्थापनेवर घालत नाही; प्रशिक्षित उमेदवारांच्या भरतीचे धोरण प्रत्येक आस्थापनेने स्वतः ठरवावे, अशी तरतूद २०१४ च्या दुरुस्तीने केली. तरीही उमेदवारीचे वजन शून्य नसते. उत्तर प्रदेशच्या परिवहन महामंडळातील प्रशिक्षित उमेदवारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये काही तत्त्वे घालून दिली : इतर बाबी समान असल्यास थेट भरतीतील उमेदवारापेक्षा प्रशिक्षित शिकाऊ उमेदवाराला प्राधान्य मिळावे, त्याचे नाव रोजगार विनिमय केंद्राकडून येण्याची सक्ती नसावी आणि सेवानियम मूक असतील तर प्रशिक्षणकाळाइतकी वयाची सवलत मिळावी. या निवाड्यात ‘इतर बाबी समान असल्यास’ ही अट कळीची आहे. प्राधान्य म्हणजे हमी नव्हे. जागा निघणे, अर्ज करणे आणि परीक्षेत टिकणे या पायऱ्या राहतातच. सरकारी जागेची वाट पाहणे हा एकमेव मार्गही नाही. ट्रॅक्टर व ट्रक कंपन्यांची सेवाकेंद्रे, मातीकामाची यंत्रे, बोअरवेलच्या गाड्या, जनित्रे आणि स्वतःचे गॅरेज हे पर्याय या जिल्ह्यात सर्व तालुक्यांत आढळतात.

बदलते तंत्रज्ञान आणि मर्यादा

१ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज सहा हे उत्सर्जन मानक लागू झाले. डिझेलमधील गंधकाचे प्रमाण दशलक्षात १० भागांवर आले आणि इंजिनाला काजळी अडवणारा फिल्टर व युरियाच्या द्रावाने नायट्रोजन ऑक्साइड घटवणारी यंत्रणा जोडली गेली. परिणामी बिघाड शोधताना पान्याच्या आधी स्कॅनर हातात घ्यावा लागतो, आणि सेन्सर व वायरिंग समजणे हे कारागिराच्या कामाचे अंग झाले आहे. १ जून २०२२ रोजी एसटीची ‘शिवाई’ ही विजेवर धावणारी बस पुणे–अहमदनगर याच मार्गावर सुरू झाली. रेल्वेमार्गांच्या विद्युतीकरणाने डिझेल इंजिनांचे कामही कमी केले आहे. म्हणजे प्रवासी वाहतुकीत डिझेलचा वाटा उतरता आहे. शेती, बांधकाम, अवजड मालवाहतूक आणि राखीव वीजनिर्मिती यांत तो अजून मोठा आहे. आस्थापना निवडताना म्हणूनच विद्यावेतनाच्या काही शे रुपयांच्या फरकापेक्षा तिथे कोणत्या पिढीची इंजिने हाताळायला मिळतील, निदानाची साधने उमेदवाराच्या हाती पडतील का आणि विद्युत भागाचे काम शिकायला मिळेल का, हे निकष अधिक वजनाचे ठरतात. एक वर्षाच्या करारातून संपूर्ण कारागीर घडत नाही. मोजून निर्णय घेण्याची पद्धत मात्र त्यात पक्की होऊ शकते, आणि इंजिन बदलले तरी ती पद्धत उपयोगी पडते.